ऑर्फाची करपलेली काहील

या मित्रांनो, बसा. फक्त मला टेकू नका. माझी एक कडी सुटली आहे आणि तळाचा सांधाही उलला आहे. मी एक जुनी काहील आहे. चौकोनी, पसरट, एखादा माणूस आडवा होईल एवढी लांब. तुमच्याकडे उसाच्या रसाचा गूळ होतो, तशी आमच्या व्हर्मांटच्या डोंगरात मेपलच्या झाडाच्या रसाची काकवी होते. ती माझ्यात आटत असे. आता माझ्यात चुलीची लाकडे रचून ठेवतात.

मी दमले आहे. पोटाखाली इतका जाळ सोसला की आता हिवाळ्यात अंगावर बर्फाची भुरभुर आली तरी बरेच वाटते.

माझ्या तळावर एका कोपऱ्याला परातीएवढा काळा डाग आहे, तो तुम्ही पाहिलाच असेल. तो बघायला लोक लांबून येत. त्याला बोट लावत, हसत आणि निघून जात. त्या डागावर एक कविता आहे. आमच्याकडची मुले ती शाळेत पाठ करतात. कवितेत भाऊ भट्टीपाशी झोपतो आणि काहील करपते. कविता फार गोड आहे. पण डाग माझ्या अंगावर आहे, आणि तो कसा पडला ते मला ठाऊक आहे.

मला खालच्या गावातल्या एका टिनवाल्याने घडवले. त्याने पत्रा ठोकला, कडा वळवल्या, सांधे झाळले आणि आतून कथिलाचा हात दिला. मी नवी होते तेव्हा माझ्यात आभाळ दिसे. एलिहू स्टॅनर्ड नावाचा शेतकरी मला बर्फावरच्या घसरगाडीत घालून डोंगरावर घेऊन आला. त्याने मला आपल्या गुऱ्हाळातल्या विटांच्या भट्टीवर बसवले, बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि म्हणाला, "वाजते बरी. शिजवते कशी ते बघू."

एलिहू फार बोलणारा नव्हता. त्याची बायको धाकट्या लेकीच्या लहानपणीच गेली होती. घरात दोनच मुले. थोरला ॲसा आणि धाकटी ऑर्फा. हीच ऑर्फा स्टॅनर्ड पुढे एवढी मोठी कवयित्री झाली. तिचे चित्र शाळेच्या भिंतींवर लागले, तिला मोठमोठे मान मिळाले. मी मात्र तिला ओळखते ती गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली, केसांना काकवी चिकटलेली आणि हातात झारा घेतलेली मुलगी म्हणून.

आमचे काम मार्चमध्ये सुरू होई. रात्री गोठण आणि दिवसा ऊन असे हवामान लागले की झाडे पाझरू लागत. झाडाझाडाला भोक टोचून खाली बादल्या टांगलेल्या असत. ॲसा खांद्यावर कावड घेऊन रानात फिरे, बादल्या रिकाम्या करी आणि रस आणून माझ्यात ओती. रस पाण्यासारखा असतो. पिंपभर आटवावा तेव्हा कुठे तांब्याभर काकवी पदरात पडते. म्हणून जाळ मोठा लागतो, आणि काहिलीवरच्या माणसाने नजर हलवायची नाही, असा आमच्याकडचा नेम. रस पातळ आहे तोवर गप्पा मारा, गाणी म्हणा. पण काकवी झाऱ्याच्या कडेवरून पदर सुटल्यासारखी पडू लागली की तोंड बंद. क्षणभर चुकले की तळ धरतो. करपलेल्या काकवीचा वास समोरच्या डोंगरापर्यंत जातो, आणि ज्याच्या हातून काहील करपली त्याचे नाव त्या वासाला जन्मभर चिकटते. आमच्या गावात दिवाळखोराला मान मिळेल, काहील करपवणाऱ्याला नाही.

माझ्यावर आढ्याला दोरी बांधून खारवलेल्या चरबीचा एक तुकडा टांगलेला असे. फेस वर आला की त्या तुकड्याला शिवे आणि मुकाट खाली बसे. ऑर्फा लहानपणापासून ते बघत राही. झारा फिरवता फिरवता ती पुटपुटे. झाऱ्याची एक फेरी म्हणजे तिची एक ओळ. तिची पहिली नावाजलेली कविता माझ्या वाफेत झाली.

उतू जाऊ पाहे फेस, दोरीपाशी थबके,
मन माझे तसे, आईच्या नावाशी थबके.

बापाने ती ऐकली. बाहेर जाऊन त्याने विनाकारण बरीच लाकडे फोडली.

पण कवितेचा नाद वाढला तसा एलिहूला तो खुपू लागला. ऑर्फा लाकडाच्या ढलप्यांवर, पिशव्यांच्या कागदावर, मिळेल त्यावर ओळी लिही आणि भट्टीच्या वरच्या फळीवर खोचून ठेवी. एक-दोनदा तिचा झारा थांबला. एकदा फेस उतू गेला. तेव्हा बापाने तिला आवाज न चढवता सांगितले होते, "पोरी, एक लक्षात ठेव. तुझी कविता काहिलीच्या आड आली, तर ती काहिलीच्या खाली जाईल." फळीवरचे सगळे भट्टीत घालीन, असा त्याचा अर्थ. आणि एलिहू बोलला की करीत असे.

आता तो दिवस.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमच्याकडे गावसभा भरते. रस्ता, पूल, शाळेचे छप्पर, जे काय ठरवायचे ते सगळा गाव एका ठिकाणी बसून ठरवतो. त्या वर्षी त्याच दिवशी झाडांना पान्हा फुटला. एलिहू सभेला गेला. ॲसा कावड घेऊन रानात. काहिलीवर ऑर्फा एकटी.

दुपार झाली होती. माझ्यातली काकवी पिवळ्याची तांबूस झाली. पदर सुटायची वेळ आली. आणि नेमका तेव्हा त्या मुलीला एक शब्द सापडेना. मी तिचा चेहरा बघत होते. ओठ हलत होते, डोळे माझ्यावरच होते, पण ती तिथे नव्हती. झारा थांबला. मी बुडबुडले, फुत्कार टाकले. काहिलीला आणखी काय येते? मग माझा तळ उघडा पडला आणि एवढी कळ आली की ती मला अजून आठवते. पांढऱ्या वाफेचा काळा धूर झाला.

रानात ॲसाला वास गेला. तो कावड टाकून धावत आला. गुडघ्याएवढ्या बर्फातून, ओढ्याच्या पाण्यातून, सरळ. आल्या आल्या त्याने दारातले बर्फ फावड्याने भट्टीत लोटले, उरलेल्या रसाची बादली माझ्यात उपडी केली. मी किंचाळले. जाळ विझला. ऑर्फा भिंतीला पाठ लावून उभी होती. हातात झारा तसाच. तिला रडूही येत नव्हते. तिने फक्त वर फळीकडे पाहिले.

ॲसानेही फळीकडे पाहिले. तो तेव्हा विशीचाही नव्हता. त्याने तिच्या हातातला झारा काढून घेतला आणि लाकडांच्या ढिगापाशी जाऊन बसला.

एलिहूला वास रस्त्यावरच लागला होता. तो दारात येऊन उभा राहिला.

"कोण होतं काहिलीवर?"

"मी," ॲसा म्हणाला. "डोळा लागला, बाबा."

एलिहूने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग बुटांकडे पाहिले. बूट चिंब ओले होते, त्यांतून पाणी ओघळून जमिनीवर थारोळे झाले होते. भट्टीच्या उबेला निजलेल्याचे बूट ओले नसतात, मित्रांनो. ते काय एलिहूला कळले नाही? पण तो एवढेच म्हणाला, "उद्यापासून काहिलीवर पोरगी उभी राहील. तुझा भरवसा नाही."

फळीवरचे कागद फळीवरच राहिले. डाग माझ्यावर राहिला. आणि गावात ॲसाचे नाव पडले 'झोप्या'.

लेम्युएल पाइक म्हणून ॲसाच्या बरोबरीचा एक मुलगा होता. त्याच्या बापाचे गावात दुकान होते, पुढे ते त्याच्याकडे आले. ॲसा मीठ नाहीतर खिळे घ्यायला गेला की लेम्युएल गल्ल्यामागून म्हणे, "काय झोप्या, उठलास का?" दुकानातले चार रिकामे लोक हसत. ॲसाही हसे. लेम्युएल काही वाईट माणूस नव्हता. पण एखादा विनोद चालला की त्याला तो पुरता झिजवल्याशिवाय राहवत नसे, आणि हा विनोद काही झिजेना.

तरीही एवढ्यावर भागले असते. गावाचे हसणे गावात राहते. पुढे फ्रान्समध्ये मोठी लढाई पेटली आणि आमच्याकडची मुले बोटीत भरून तिकडे गेली. ॲसाही गेला.

ते वर्ष मी कधी विसरत नाही. बाप खचला होता. ऑर्फा एकटी कावड वाही आणि एकटीच काहिलीवर उभी राही. लाकडांच्या ढिगापाशी, जिथे ॲसा त्या दिवशी जाऊन बसला होता, त्या जागेकडे ती सारखी बघे. भाऊ कुठल्या खंदकात उभा असेल, त्याला झोप मिळत असेल का, हाच तिला घोर. आणि मग झाऱ्याच्या फेऱ्यांवर ती गाऊ लागली.

नीज माझ्या भाऊराया, भट्टीच्या उबेपाशी,
जागायाला मी आहे ना, तुझ्या उशापाशी.
करपू दे रे काहील, जाऊ दे रे रस,
झाडांना येईल पुन्हा गोडीचा दिवस.
रस देतील झाडे पुन्हा, वसंत येता दारी,
भाऊ देईल कोण मला? नीज, नीज तरी.

ते खोटे होते, हे तिला ठाऊक होते आणि मला. पण त्या दिवसांत तिला भाऊ उबेत निजलेलाच हवा होता. झोपलेला म्हणजे जिवंत. गावाने दिलेले वाईट नाव तिने उचलले आणि त्याचे पांघरूण केले. तिच्या मनात दुसरे काही नव्हते. मी साक्षीला आहे.

ती कविता बोस्टनच्या एका साप्ताहिकात छापून आली. पुढचे मी पाहिले नाही, गुऱ्हाळात बोलले गेले ते ऐकले. ज्यांची मुले लढाईवर होती त्या आयांनी कविता कापून घेतली. कुणी ती उशाखाली ठेवली, कुणी मुलाच्या फोटोच्या चौकटीत खोचली. ज्यांची मुले परत आली नाहीत, त्यांच्या थडग्याच्या दगडांवर 'नीज, नीज तरी' कोरले गेले. ऑर्फाचे नाव देशभर झाले.

ॲसा परत आला. एक पाय ओढत आला, पण आला. स्टेशनावर उतरला तेव्हा एका अनोळखी बाईने त्याचे नाव विचारले, आणि तो 'स्टॅनर्ड' म्हणताच तिने त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तो झोपलेला भाऊ तुम्हीच का?"

त्या संध्याकाळी भावंडे माझ्यापाशी बसली होती. भट्टी थंड होती. ऑर्फा म्हणाली की ती दुसऱ्या दिवशीच बोस्टनला जाईल, खरे काय ते छापायला सांगेल. ॲसा म्हणाला, "नको, ऑर्फे. त्या बायांना ती लागते. असू दे. तिकडे खंदकात मला डोळा मिटायची भीती वाटायची. तुझी कविता तिकडे हाती पडली तेव्हा म्हटलं, कुठेतरी मी निजलोय ना."

त्यानंतर ऑर्फाची पुस्तके निघाली. चिखलाच्या दिवसांवरची तिची कविता तर मुले अजून उड्या मारत म्हणतात. बर्फ वितळून रस्त्याचा लगदा होतो, डॉक्टरांचा घोडा पोटापर्यंत रुततो, आणि बाळ त्यांची वाट न बघता जन्माला येते. रिकाम्या बादल्यांवरची तिची कविता म्हातारी माणसे जपून वाचतात. झाड बादलीला विचारते, 'माझे पाझरणे संपले, आता तू कुणाची?' मला ती सगळ्यांत आवडते, पण ती फारशी कुणी म्हणत नाही. ऑर्फा आगगाडीने गावोगाव जाई, मोठमोठ्या सभागृहांत उभी राही, नव्या कविता वाची. लोक सभ्यपणे ऐकत. शेवटी मागून कुणीतरी ओरडे, "बाई, 'नीज भाऊराया' होऊ द्या." आणि मग लोक रडत.

ती कुठेही असली तरी मार्चमध्ये घरी येई. एकदा झारा फिरवता फिरवता भावाला म्हणाली, "दादा, मी कंटाळले रे. माझ्या मागे एकच कविता लागलीय, आणि तीही खोटी."

"खोटी नाही," तो म्हणाला. "घडली नाही, एवढंच."

पण मी ॲसाला बघत होते. ऑर्फा वर्षातून एकदा येई, मी रोज बघे. लढाईवरून आल्यापासून तो माणसांसमोर कधी डोळे मिटत नसे. चर्चमध्ये लवंग दाताखाली धरून ताठ बसे, कारण एक जांभई दिली तरी बाकांवर खसखस पिके. गावसभेला तर बसतच नसे. मागे शेगडीपाशी लंगडा पाय टेकवून दिवसभर उभा राही. दुखले तरी उभा. गुऱ्हाळ बघायला पाहुणे येत आणि विचारत, कुठे झोपला होता तो? ॲसा लाकडांच्या ढिगाकडे बोट दाखवी, "इथे." एका बाईने त्याला ढिगावर बसवले, कॅमेरा रोखला आणि लाडीगोडीने म्हणाली, फोटोपुरते डोळे मिटा ना. त्याने टोपी काढली, बाईंची क्षमा मागितली. म्हणाला, "उन्हात मिटत नाहीत, बाई."

त्याने लग्न केले नाही. का, ते मला ठाऊक नाही. काहिलीला सगळेच ठाऊक नसते.

अशी वर्षे गेली. एलिहू गेला. माझे कथिल झिजले, मी गळू लागले. ऑर्फाही परगावचे फिरणे सोडून कायमची घरी आली. दोघे म्हातारी भावंडे थोडीशीच झाडे टोचत, थोडीशीच काकवी करत. मग गावाच्या डोक्यात आले की मला गावसभेच्या दालनात भिंतीवर टांगावे. खाली पितळी पाटी, आणि रस्त्याच्या तोंडाशी फळा. त्यावर लिहायचे, 'झोपलेल्या भावाचे गुऱ्हाळ'. लेम्युएल पाइक आता सभेचा अध्यक्ष होता. त्याने हौसेने स्वतःच्या ट्रकमध्ये घालून मला सभेला नेले आणि व्यासपीठाला टेकवून उभे केले. जन्मात पहिल्यांदा मी आडवी नव्हते. अख्खा गाव माझा तळ बघत होता.

मार्चचा पहिला मंगळवार होता. दालनात ओल्या लोकरीचा वास, मागे बायकांनी मांडलेल्या वालाच्या हंड्या. रस्त्याचे ठरले, शाळेच्या छपरावर वाद झाला, बर्फ ढकलायच्या यंत्राचे पुढच्या सालावर गेले. ॲसा शेगडीपाशी उभा होता. त्याचा पाय थरथरत होता, ते मला इतक्या लांबून दिसत होते. मग माझी पाळी आली. लेम्युएलने ठराव वाचला, माझ्या डागावर थाप मारली आणि म्हणाला, झोप्या, तुझं नाव आता पितळेत. लोक हसले. ॲसा हसला. मग लेम्युएलने नेहमीप्रमाणे ऑर्फाबाईंना कविता म्हणायची विनंती केली.

ऑर्फा काठी टेकत उठली. म्हणाली, "त्या दिवशी काहिलीवर मी होते. करपवली ती मी. ॲसा रानात होता. तो झोपला नव्हता."

क्षणभर कुणाला काही कळले नाही. मग सगळे दालन हसले, आणि ते हसणे मायेचे होते. तेच वाईट. कुणी म्हणाले, बहीण असावी तर अशी. लेम्युएलने डोळे पुसले. "बाई, आता पाटीवर नाव कोरायच्या वेळी भावाला वाचवता होय?" लोक टाळ्या वाजवू लागले. कुणाचा विश्वास बसला नाही. कविता ऑर्फापेक्षा मोठी झाली होती, आणि तिला खोटे पाडणे आता ऑर्फाच्याही हातात नव्हते.

दुसऱ्या रांगेतून मर्सी टटल उठली. ती ऑर्फाहून थोडी लहान होती. हसत नव्हती. "नका असं म्हणू, बाई," ती म्हणाली. "माझ्या आईने ती कविता मरेपर्यंत उशाखाली ठेवली. आमचा भाऊ तिकडेच राहिला. तिला त्या ओळींनी झोप लागायची. आता ती खोटी म्हणू नका."

टाळ्या थांबल्या. ऑर्फाने तिच्याकडे पाहिले. मला वाटले, आता ही खाली बसणार. इतकी वर्षे याच कारणाने ती खाली बसत आली होती.

"तुझा भाऊ निजलाय, मर्सी," ती म्हणाली. "कविता त्याची आहे. ती मी त्याच्याकडून काढून घेत नाही. पण माझा भाऊ तिथे मागे उभा आहे. त्याचे पाय दुखतायत."

सगळ्यांनी वळून मागे पाहिले.

मग ऑर्फा माझ्यापाशी आली. तिने माझ्या कडेवर हात ठेवला आणि बोटाने हळूहळू घासू लागली, झाऱ्याची फेरी जशी जाते तशी. त्याच चालीवर तिने चारच ओळी म्हटल्या. आवाज थकलेला, पण ओळी स्वच्छ होत्या.

निजला नव्हता भाऊराया, रानात होता बाई,
खांद्यावर कावड रसाची, उसंत त्याला नाही.
शब्दापाठी गेले मी, सुटला कामाचा धागा,
काहील करपली माझ्या हाती, भाऊ होता जागा.

कुणी हसले नाही. आमच्या गावाचे असे आहे, मित्रांनो. ऑर्फाने सांगितलेले त्यांना खरे वाटले नव्हते. ऑर्फाने गायलेले वाटले. लेम्युएल पाइक माझ्या डागाकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि उगाच ठरावाचे कागद सारखे करू लागला. मर्सी टटल खाली बसली, आपल्या शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तळहाताने थोपटले. "ॲसा," ती म्हणाली, "बस की."

ॲसा शेगडी सोडून पुढे आला. पाय ओढत. तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. लवंग तोंडात होती, ती त्याने काढून खिशात टाकली. लेम्युएल खाकरला आणि म्हणाला की मूळ ठराव तो मागे घेतो. काहील स्टॅनर्डांच्या भट्टीवर परत जावी, पाटी नको, फळा नको, असा नवा ठराव आहे. त्यावर कुणी दोन शब्द बोलले, कुणी पाठिंबा दिला. एवढ्यात ॲसाची मान हळूच कलली. एकदा सावरली, पुन्हा कलली, आणि मर्सीच्या खांद्याशी जाऊन टेकली. तो गाढ झोपला. सगळ्या गावासमोर, भर दुपारी, तोंड किंचित उघडे.

आमच्या सभेत मत आवाजाने देतात. बाजूचे सगळे मोठ्याने 'हो' म्हणतात, विरुद्धचे 'नाही'. खिडक्या हादरतील असा 'हो' म्हणण्यात गावाला धन्यता वाटते. लेम्युएलने विचारायला तोंड उघडले. त्याची नजर दुसऱ्या रांगेवर गेली. त्याने तोंड मिटले, ओठांवर बोट ठेवले आणि दुसरा हात वर केला.

सगळ्या दालनात हात वर झाले. एकाही माणसाने आवाज केला नाही. मागे बायकांनी हंड्यांवरची झाकणेसुद्धा कापडात धरून उचलली.

मला परत आणले. त्यानंतरच्या वसंतात त्या दोघांनी माझ्यात शेवटची काकवी केली. मी गळत होते, भट्टीतून चर्र आवाज येत होता, पण दोघांनी ते मनावर घेतले नाही. ॲसा लाकडांच्या ढिगाला टेकून चांगला घोरत होता आणि ऑर्फा एकटीच झारा फिरवत होती. मग आधी तो गेला, पाठोपाठ ती. जमीन दुसऱ्यांची झाली. आता झाडाझाडांतून नळ्या ओढल्या आहेत, रस आपोआप चकचकीत पोलादी टाकीत येतो. माझी कुणाला गरज नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. विसावा हवाच होता.

त्या चार ओळी ऑर्फाच्या अखेरच्या लहानशा पुस्तकात आहेत, शेवटच्या पानावर. शाळेच्या पुस्तकात अजून पहिलीच कविता आहे. असू दे. ती गोड आहे, ती मर्सीच्या भावाची आहे, ती तुम्ही म्हणा. हळू म्हणा.

माझी मागणी थोडकी आहे. नवे मालक भले आहेत. ते म्हणतात, या काहिलीला घासूनपुसून लख्ख करू, आत फुलझाडे लावू. फुले लावा. पण तेवढा डाग घासू नका. तो ज्याचा नव्हता त्याने जन्मभर अंगावर वागवला, मी तर पत्र्याची आहे. आणि मित्रांनो, एखाद्याचे नाव गाण्यात घ्याल, गोष्टीत घ्याल, दुकानात चार जणांत हसताना घ्याल, तेव्हा एक करा. आधी वाकून त्याच्या बुटांकडे पाहा. ते ओले आहेत का, तेवढे बघा.